शस्त्रक्रियेपूर्वीच्या तयारीसाठी साहाय्याचे आवाहन

खानापूर, बेळगाव, निपाणी व चिकोडी परिसरातील सर्व मराठी बंधुभगिनींस आमच्या रुग्णसेवा मंडळाचा सविनय नमस्कार.

कर्करोगाचे निदान झाल्यावर तपासण्या, आधीची केमोथेरपी आणि तारखेची वाट पाहणे यांत मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी बहुधा काही आठवडे जातात. या काळात घरची माणसे मायेपोटी रुग्णाला पडून राहायला सांगतात, कोणी नवसाचे उपवासही धरायला लावते, आणि स्नायू झिजलेल्या, रक्त कमी असलेल्या अवस्थेत तो शस्त्रक्रियेला सामोरा जातो. वास्तविक हेच आठवडे तयारीचे असतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज चालणे, खोल श्वासाचे व्यायाम करणे, रक्तक्षय व मधुमेह आटोक्यात आणणे आणि तंबाखू-विडी निदान चार आठवडे आधी सोडणे, यांमुळे पुढे फुप्फुसाचे व जखमेचे त्रास कमी होऊ शकतात. तंबाखूच्याच पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या लोकांना ही शेवटची गोष्ट सर्वांत जड जाते, हे आम्ही जाणतो. म्हणून नुसता उपदेश पुरत नाही, रोज विचारपूस करणारे माणूस लागते. मूत्रपिंडाचा आजार नसल्यास अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम, आणि एका अंड्यात ती जेमतेम सहा ग्रॅम असतात. मजुरीवर चालणाऱ्या घरात एवढे कोठून यावे?

मनाची तयारीही तितकीच निकडीची आहे. स्वरयंत्र काढल्यावर बोलायचे कसे, मलमूत्रासाठी पोटावर लावलेली पिशवी कशी सांभाळायची, जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर आरशात काय दिसेल, हे रुग्णाला आधीच आणि त्याला कळणाऱ्या मराठीत सांगायला हवे. कन्नड वा इंग्रजीतल्या संमतीच्या कागदावर अंगठा उमटवला म्हणजे ते समजले असे होत नाही.

यासाठी अंडी, दूध, शेंगदाणे, कडधान्ये किंवा त्यांची रक्कम द्यावी. श्वासाच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे उपकरण संसर्गाच्या भीतीने एकाचे दुसऱ्यास देता येत नाही, त्यामुळे ही उपकरणे नवीनच हवीत. फिजिओथेरपिस्ट, समुपदेशक आणि कन्नड-मराठी दोन्ही जाणणाऱ्यांनी आठवड्यातून काही तास द्यावेत. अशा शस्त्रक्रियेतून बरे झालेल्यांनी रुग्णांशी बोलायला यावे, ही विशेष विनंती. प्रत्येक देणगीची पावती मंडळाच्या कार्यालयात मिळेल आणि हिशेब तेथील फलकावर दरमहा लावला जाईल.