घोडा हाताळायला शिकणाऱ्याला वर्षभर आधार हवा

महोदय,

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. पण तेथून हौसेने घोडा नेणाऱ्या तरुणाला त्याचा स्वभाव समजावून सांगणारे यात्रा उठल्यावर कोणी उरत नाही. कान मागे चिकटवलेला घोडा चिडलेला असतो, थेट पाठीमागचे त्याला दिसत नाही, म्हणून आवाज देत खांद्याच्या बाजूने जवळ जावे, हे एकदा ऐकून अंगवळणी पडत नाही. बिथरलेल्या जनावरापुढे विचारायला जाणते माणूस नसले की हाती चाबूक येतो आणि भीती आणखी वाढते, याचे फार वाईट वाटते. परभणी व उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी जुन्या अश्वपालकांना सोबत घेऊन दरमहा मार्गदर्शन ठेवावे आणि अडल्यानडल्यास फोनवर सल्ला मिळेल अशी सोय करावी.

— एक अश्वपालक, लोहा (जि. नांदेड)