बादल्या वाहण्याआधी पाईप बघा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत उन्हाळ्यात बाग कशी जगवायची यावर लेख आला होता. लेख बरा होता, पण त्यात एक वाक्य होतं की घरातलं वापरलेलं सगळं पाणी झाडांना घाला, काही वाया घालवू नका. ते वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. सगळं नाही हो घालायचं. मी सगळं घालून बघितलंय आणि माझा आठ वर्षांचा मोगरा त्यात गेलाय.

मी लातूरची. लातूर म्हटलं की बाहेरच्यांना अजून पाण्याची रेल्वेच आठवते, कुठल्या लग्नाला गेलं तरी कोणीतरी विचारतंच "आता येतं का पाणी?" १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली गाडी आली, १० वॅगन, ५ लाख लिटर, मग पुढे ५० वॅगनची सुरू झाली तेव्हा एका खेपेला २५ लाख लिटर. ऐकायला खूप वाटतं पण आख्ख्या शहराला वाटलं की माणशी किती येतं ते तुम्हीच करा हिशोब. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे भाजी धुतलेल्या पाण्यात फरशी पुसली जायची आणि फरशीचं पाणी संडासात जायचं, झाडाबिडाचं कोणाला सुचत होतं. पण सासूबाईंनी कढीपत्ता आणि तुळस मरू दिली नाही. त्या मोठ्या घमेल्यात पाट ठेवून त्यावर बसून आंघोळ करायच्या आणि मग ते घमेलं मी आणि आमचे हे दोघं दोन बाजूंनी धरून अंगणात नेऊन ओतायचो. निम्मं पाणी पॅसेजमध्येच सांडायचं, तो भाग वेगळा!

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या शहराला पाणी देणारं मांजरा धरण भरलं आणि घमेलं माळ्यावर गेलं. माझी सवय मात्र राहिली. आणि सवय राहिली तशा चुकाही सुरू झाल्या.

पहिली चूक आरओची. आमच्या घरच्या मशीनमधून एक लिटर प्यायचं पाणी निघालं की जवळपास तीन लिटर त्या बारक्या नळीतून सिंकमध्ये जातं. मला ते बघवेना म्हणून नळी लांब करून बादलीत सोडली आणि रोज ते पाणी मोगऱ्याच्या कुंडीला. दिसायला काचेसारखं स्वच्छ पाणी, मनात शंका यायचं कारणच नाही. तीन-चार महिन्यांत पानांच्या कडा करपल्या, मग कुंडीच्या काठावर पांढरी खार फुटली, मला वाटलं बुरशी आहे म्हणून वर हळद टाकली (हसू नका). शेवटी भाच्याने खिशातल्या पेनाएवढा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, आणून दाखवला. आमच्या बोअरचं पाणी ९०० च्या पुढे, आणि आरओचं टाकाऊ पाणी १२०० च्या आसपास. म्हणजे मशीन आपल्यासाठी क्षार बाजूला काढतं आणि मी ते गोळा करून कुंडीत ओतत होते. कुंडीत पाणी उडून जातं पण क्षार उडत नाहीत ना, ते तिथेच साठत बसतात. जिथे मूळ पाणीच गोडं आहे, धरणाचं नळाला येतं, तिथे एवढा त्रास कदाचित होणारही नाही, पण बोअरवर आरओ असेल तर ते पाणी फरशीला, संडासाला, गाडी धुवायला वापरा, कुंडीला नको. उलट एसीचं टपकणारं पाणी त्याच मीटरवर २० सुद्धा भरलं नाही. ते हवेतलीच वाफ गार होऊन आलेलं, क्षार येणार कुठून. ते मात्र खुशाल घाला.

दुसरी चूक साबणाची, आणि ही आमच्या काळ्या मातीवाल्यांनी जरा नीट वाचावी. शेतकऱ्याच्या घरात चोपण जमीन म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही. सोडियम वाढलं की चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, जमीन वरून सिमेंटसारखी घट्ट होते, पाणी वर साचतं आणि खाली मुरतच नाही. आता कपड्याच्या पावडरीत काय असतं? सोडाच तर असतो ढीगभर. वॉशिंग मशीनचं पहिलं पाणी, ते काळपट फेसाचं, वर्षभर एकाच आळ्यात सोडलं तर तुम्ही घरच्या घरी चोपण तयार करताय. आमच्या पेरूच्या आळ्यात नेमकं हेच झालं, कुदळ मारली तर ठण्ण आवाज. तेव्हापासून पहिलं पाणी गटारीला आणि दुसरं-तिसरं खळबळीचं पाणी तेवढं झाडाला, आणि पावसाळ्यात दोन-तीन मोठे पाऊस त्या आळ्यात चांगले जिरू द्यायचे म्हणजे साठलेलं थोडंफार तरी खाली धुवून जातं. पेरू वाचला. मोगऱ्याचं मात्र वेळेवर कळलं नाही.

तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी हे सोनं आहे, त्याला काही बघायला नको. भांड्याचं तेलकट, खरकटं पाणी नको, मुंग्या आणि झुरळं, शिवाय मीठ. आंघोळीचं पाणी चालतं, पण मोठ्या झाडांना. कोथिंबीर, मेथी, जे आपण वरवर धुवून कच्चं खातो त्याला नाही. केळ, शेवगा, नारळ, कर्दळ, अळू यांना द्या. आणि हे मी काही नवीन सांगत नाहीये. जुन्या घरात न्हाणीमागे काय असायचं आठवा, अळू, कर्दळ नाहीतर केळीचा खुंट. मोरीचं पाणी आपोआप तिथे जायचं, कोणी बादली वाहत नव्हतं, कोणी त्याला ग्रे वॉटर म्हणत नव्हतं.

तिसरी चूक साठवण्याची. मे महिन्यात दोन दिवसाचं आंघोळीचं पाणी ड्रममध्ये साठवलं, झाकण उघडलं तर असा वास की शेजारच्या वहिनी विचारायला आल्या काय मेलंय. असलं पाणी त्याच दिवशी मातीत गेलं पाहिजे, साठवायचं नाही. आणि स्वच्छ पाणी साठवत असाल, एसीचं म्हणा, पावसाचं म्हणा, तर ड्रमला घट्ट झाकण किंवा कापड बांधा आणि आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून घासा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसात अंड्याचा डास होतो. झाडं जगवायच्या नादात घरात कोणी आजारी पडायला नको.

पण या पत्राचं खरं कारण पुढेच आहे. एवढं सगळं कळून सुद्धा, संपादक साहेब, बादल्या वाहणं कोणाकडून होत नाही. पहिले पंधरा दिवस उत्साह असतो, मग कंबर धरते, मग पाहुणे येतात, मग पाऊस येतो आणि विषय संपतो. माझं स्वतःचं तीन वेळा असं झालंय. चौथ्या वेळी गटार तुंबली म्हणून मिस्त्रीला बोलावलं आणि तो खाली बसून झाकणं उघडत होता तेव्हा मी सहज विचारलं की बाथरूमचं पाणी आणि संडासाचं पाणी कुठे एक होतं. तो म्हणाला "काकू, ते वरून वेगळंच येतंय की, इथे खाली गल्ली ट्रॅपनंतर चेंबरात एक होतं." (गल्ली ट्रॅप म्हणजे गटारीचा वास अडवणारा, जमिनीलगतचा जाळीचा छोटा खड्डा.)

मी २२ वर्षं त्या घरात राहतेय आणि मला हे माहीत नव्हतं! बाथरूमच्या जाळीखाली जे असतं त्याला प्लंबर लोक आजही नहाणी ट्रॅपच म्हणतात, शब्द बघा कसा टिकलाय. तिथून तीन इंची पाईप भिंतीबाहेर येतो, खाली जमिनीलगत गल्ली ट्रॅपमध्ये पडतो. संडासाचा चार इंची पाईप त्याच्या शेजारून वेगळा, सरळ चेंबरात जातो. म्हणजे आंघोळीचं पाणी अगदी जमिनीपर्यंत वेगळं येत असतं, आणि शेवटच्या दोन फुटात आपण ते घाणीत मिसळतो.

मग काय, त्याच दिवशी त्याच मिस्त्रीकडून तो पाईप गल्ली ट्रॅपच्या आधी कापला, मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकला, दोन वॉल्व्ह बसवले. एक वॉल्व्ह बागेकडे, एक पूर्वीसारखा गटारीकडे. सामान आणि मजुरी धरून दोन हजाराच्या आतच काम झालं. बागेकडे उतार देऊन पाईप केळीपर्यंत नेला आणि तिथे दोन फूट खोल खड्डा घेऊन विटांचे तुकडे, वर जाड वाळू आणि त्यावर उसाचं पाचट. पाचटाची आमच्याकडे कमी नाही. पाणी उघड्यावर दिसत नाही, डास नाही, वास नाही, पाचटामुळे उन्हाने उडतही नाही. केस आणि गाळ अडकतो म्हणून पाईपच्या तोंडाला जुना नायलॉनचा मोजा बांधलाय, तो महिन्यातून एकदा बदलते. पावसाळ्यात वॉल्व्ह फिरवला की पाणी गटारीला. घरात आम्ही चार माणसं, एकेक बादली धरली तरी रोजचं ७०-८० लिटर पाणी कोणी न उचलता झाडाला जातंय, दोन उन्हाळे झाले, केळीचे पाच घड उतरवले. (एक घड मिस्त्रीच्या घरी पाठवला.)

आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन गाव डासमुक्त केलं होतं, ते पुष्कळांनी ऐकलं असेल. तिथे पाणी जमिनीत मुरवलं, मी तेच जरा वर केळीच्या मुळाशी थांबवलंय, एवढाच फरक.

आता अडचण कुठे आहे ते सांगते. आमचं घर जुनं, खाली मोकळी जागा, म्हणून जमलं. आमच्या समोरच नवीन अपार्टमेंटचं काम चालू आहे, तिथे जाऊन मी बघितलं तर डक्टमध्ये (पाईपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत) एकच जाड पाईप, सिंक, बाथरूम, संडास सगळं त्यातच. तिथल्या साईट इंजिनिअरला विचारलं की वेगळे का नाही टाकले, तर म्हणाला "काकू, पाईपचा खर्च वाढतो आणि फ्लॅट घेणारं कोणी विचारत नाही, पार्किंग विचारतात, लिफ्ट विचारतात." खोटं नाही बोलला तो. मी स्वतः घर घेतलं तेव्हा कुठे विचारलं होतं? पण एकदा टाईल्स बसल्या की पुढची ५० वर्षं त्या बिल्डिंगमध्ये कोणी कितीही लेख वाचले तरी बादलीच वाहावी लागणार, आणि ती कोणी वाहणार नाही. तिकडे गच्चीवर बाग करणार म्हणून जाहिरातीत चित्र आहे, ती बाग टँकरच्या पाण्यावर चालणार.

म्हणून विनंती अशी की पुढच्या वेळी बागेच्या पानावर नाही तर तुमच्या घर-खरेदीच्या पानावर, जिथे त्या फ्लॅटच्या जाहिराती असतात तिथे, एक छोटी चौकट छापा: बुकिंग करण्याआधी डक्टमध्ये डोकावून पाईप मोजा, दोन आहेत का एक. नगररचनावाले, आर्किटेक्ट यांनी पण यावर लिहावं, कारण नियमात काय आहे आणि साईटवर काय होतंय हे आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. आणि ज्यांचं घर माझ्यासारखं जुनं आहे त्यांनी बाहेर जाऊन भिंतीलगत बघावं, तीन इंची पाईप कुठे पडतोय.

माझ्या भाच्याच्या नव्या घराचा स्लॅब मागच्याच आठवड्यात टाकून झाला, गुरुवारी प्लंबर येणार आहे. मी सकाळी आठलाच जाऊन बसणार आहे तिथे, खुर्ची टाकून.

— एक वाचक, लातूर