मुलांना रामा राणे यांचे चार दिवस सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या पुरवण्यांत येणाऱ्या शौर्यकथा मी आवर्जून वाचते. हुतात्म्यांच्या कथा मुलांपर्यंत पोहोचल्याच पाहिजेत. पण त्या बहुतेक एकाच घाटाच्या असतात: जवान शत्रूवर तुटून पडतो आणि धारातीर्थी पडतो. मी प्राथमिक शाळेत शिकवत असे. अशी गोष्ट संपली की वर्गातून पहिला प्रश्न यायचा, "बाई, त्यांनी किती जणांना मारलं?" सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांची गोष्ट सांगितली की मात्र मुले विचारत, "सुरुंग हातानं काढतात? ते जेवले कधी?"

राणे यांचा जन्म १९१८चा, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. वडील पोलीस शिपाई. १९४० मध्ये राणे बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या रस्ते-पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या अभियंता दलात, भरती झाले, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. पुढच्याच एप्रिलमध्ये, काश्मीरसाठी पाकिस्तानशी झालेल्या पहिल्या युद्धात, त्यांची तुकडी जम्मू भागातल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर होती. राजौरीतल्या लोकांना वाचवायचे तर रणगाडे तिथवर पोहोचायला हवे होते आणि डोंगरातल्या त्या रस्त्यावर सुरुंग पेरलेले होते.

८ एप्रिलला काम सुरू होण्याआधीच शत्रूच्या उखळी तोफांचा मारा झाला. तुकडीतले दोघे ठार झाले, पाच जखमी झाले आणि त्या पाचांत स्वतः राणे होते. तरीही उरलेल्यांना गोळा करून ते कामाला लागले आणि रात्री दहापर्यंत थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाइनचे ओंडके टाकून रस्ता अडवलेला. ते स्फोटकांनी उडवले. तीनशे यार्डांवर पुन्हा ओंडके. पुढे मोरीच उद्ध्वस्त केलेली. मशीनगनच्या माऱ्यात त्यांनी बाजूने वळणरस्ता काढला. संध्याकाळी पाच मोठी झाडे आडवी, भोवती सुरुंग. अंधारामुळे ते काम राहिले. १० एप्रिलला पहाटे पावणेपाचला त्यांनी पुन्हा हात घातला आणि साडेसहापर्यंत वाट मोकळी केली. त्या दिवशी रात्री नऊपर्यंत ना विश्रांती, ना जेवण. ११ तारखेला सकाळी अकरापर्यंत राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. दुसऱ्या दिवशी आपले सैन्य राजौरीत पोहोचले.

या घड्याळाच्या वेळा गोष्टीतून गाळू नयेत, असे मला कळकळीने वाटते. "ते फार शूर होते" या वाक्याने मुलाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. पहाटे पावणेपाचला, अंगावर जखम घेऊन, थंड मातीत सुरुंग शोधणारा माणूस उभा राहतो. आणि परमवीरचक्र मिळवणारा हा माणूस घरी परतला. १९६८ पर्यंत त्याने नोकरी केली, मेजर होऊन निवृत्त झाला आणि १९९४ मध्ये पुण्यात वारला. हेही मुलांना जरूर सांगावे.

आपल्या बालपुरवणीने येत्या एप्रिलमध्ये ही गोष्ट नौशेरा ते राजौरीच्या नकाशासह छापावी, ही विनंती. सॅपर्सचे केंद्र पुण्यात खडकीलाच आहे. तिथे विचारून ८ एप्रिलला पडलेल्या त्या दोन सॅपर्सची नावे मिळवावीत आणि राणे यांच्या नावाशेजारी, त्याच टायपात छापावीत.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे