कार्बनच्या मोजणीचा हिशेब आणि कराराची प्रत न मिळाल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
कार्बन शेती प्रकल्प

महोदय,

मी अकोले तालुक्यातली (जि. अहिल्यानगर) कोरडवाहू शेतकरी. 2021 साली तुमच्या माणसांनी गावात बैठक घेतली. झाडं लावा, त्यांनी धरलेल्या कार्बनचे पैसे दरवर्षी खात्यावर येतील, असं सांगितलं. मी रोपामागे 10 रुपये भरून 110 कलमी आंबे आणि बांधासाठी 40 साग घेतले. जूनमध्ये ठरलेली रोपं सप्टेंबरात आली. पाऊस सरत आलेला, जमीन मुरमाड. दोन उन्हाळे हंड्याने पाणी घातलं, तरी 31 आंबे गेले.

आता चार वर्षांनी मोबाइलवर मेसेज आलाय: 'तुमच्या झाडांनी 0.9 टन कार्बन साठवला.' पैसे नाहीत, हिशेबही नाही. विकायचं एक कार्बन क्रेडिट म्हणजे 1 टन कार्बन डायऑक्साइड, असं बैठकीत सांगितलं होतं. लाकडातला 1 किलो कार्बन म्हणजे 3.67 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. मग मेसेजमधला टन यातला कोणता? माझ्या पैशात जवळजवळ चौपट फरक पडतो.

मोजणीला आलेल्या मुलाने जमिनीपासून 1.37 मीटरवर, छातीच्या उंचीला खोडाचा घेर मोजायला टेप लावली. सागाला ते ठीक आहे. कलमी आंबा त्या उंचीच्या खालीच फांद्या फोडतो, कारण झाड पसरावं म्हणून आम्हीच शेंडा खुडतो. त्याने काही आंबे मोजले, काही सोडून दिले. काय नोंदवलं ते विचारलं, तर ऑफिसमधून कळेल म्हणाला.

मी रोज डेअरीला दूध घालते. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, सगळं पावतीवर छापून येतं आणि पटलं नाही तर तिथेच बोलता येतं. ऊस घालणाऱ्याला काट्याची पावती मिळते. जमीन माझी, झाडं माझी, राखण माझी, आणि माप तेवढं तुमच्या मोबाइलमध्ये, हे मला मान्य नाही.

सही टॅबवर घेतली. करार इंग्रजीत. 20 वर्षं झाड तोडायचं नाही, एवढंच तोंडी कळलं. सातबारा माझ्या आणि दिरांच्या नावावर सामाईक आहे. उद्या वाटप होऊन सागाचा बांध त्यांच्याकडे गेला, तर करार कोणी पाळायचा? वादळात झाडं पडली तर ती माझ्या खात्यातून वजा होणार का?

मला 30 दिवसांत कराराची मराठी प्रत, झाडनिहाय मोजणी, क्रेडिट विकलं असल्यास त्याचा दर आणि त्यातल्या कपाती लेखी हव्यात. आंब्यांची फेरमोजणी माझ्यासमोर व्हावी. मेलेल्या 31 आंब्यांच्या जागी नवी कलमं द्या, आणि या वेळी जूनमध्येच. उत्तर आलं नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

मोजणीला येण्याच्या आदल्या दिवशी फोन करा, मी शेतावरच थांबेन.

आपली,
एक शेतकरी

सोबत: रोपांची पावती, मेसेजचा फोटो, सातबारा उतारा