जावईबापूंचे फोन आणि रिसाल्यातली पत्रं

चिऊ बाळा,

परवा तू म्हणालीस की ह्यांचा फोन आला की लाईट बिल भरलं का, म्हशीला डॉक्टर बघून गेला का एवढंच, माझ्यासाठी म्हणून एक शब्द नाही. तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

जावईबापू रणगाड्यावर असले तरी त्यांना हवालदार न म्हणता दफादार म्हणतात ना, ते घोडदळापासून चालत आलंय. पहिल्या महायुद्धात १९१४ साली पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स हे आपल्या मुलखाच्या नावाचे रिसाले, म्हणजे घोडदळाच्या रेजिमेंटी, फ्रान्सला गेले. डेक्कन हॉर्समध्ये शीख, जाट आणि आपल्याकडचे दख्खनी मुसलमान. पायदळाचे बरेचसे लोक १९१५ संपता संपता मेसोपोटेमियाला हलवले पण घोडदळ १९१८ उजाडेपर्यंत फ्रान्सच्या थंडीत बसून राहिलं. जर्मनांची फळी फुटली की घोडे घालायचे म्हणून रोज खरारा करून घोडे तयार ठेवायचे, आणि स्वारांना मात्र पायी खंदकात पाठवायचे. १४ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्याच सोमच्या लढाईत हाय वुड नावाच्या रानाजवळ डेक्कन हॉर्सने भाले घेऊन घोडे घातले, पण असे दिवस फार थोडे.

अशात घरी पत्र लिहायचं. पुष्कळांना अक्षरओळख नाही, मग रेजिमेंटमधल्या कुणा लिहिणाऱ्याला समोर बसवून सांगायचं. मग ते सेन्सॉरच्या, म्हणजे पत्रं तपासणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती, फ्रान्समधल्या बुलोन गावात त्यांचं ऑफिसच होतं. गावी पोचलं की बायकोला वाचता येत नाही म्हणून मास्तर नाहीतर पोस्टमन मोठ्याने वाचणार आणि शेजारी सासू, दीर, सगळे कान देऊन. सांग बरं, त्यात तो बिचारा माझा जीव तुझ्यात अडकलाय असं कुठे सांगणार? तो विचारणार मनीऑर्डर मिळाली का, गाय व्याली का, पोरगा शाळेत जातो का. लढाईची खबरसुद्धा मसाल्यात गुंडाळून द्यायचे, काळी मिरी संपत आली आता लाल मिरची लागतेय म्हणजे आपली माणसं संपत आली आता गोरे पुढे आलेत. इतकं झाकून बोलणारा माणूस गाय व्याली का विचारतो तेव्हा त्यात काय काय असेल याचा विचार कर.

आणि एक, फ्रान्समध्ये पुरुष लढाईवर गेलेले आणि बायका एकट्या शेती चालवतायत, पोरी शिकलेल्या, हे बघून कित्येकांनी घरी लिहिलं की आपल्या मुलींनाही शिकवा. मला हे फार भावलं. मूळ कागद बहुतेक गेले, सेन्सॉरने इंग्रजीत उतरवून घेतलेले उतारे तेवढे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

जावईबापू फोन करतात तेव्हा मागे बरोबरच्या जवानांचा गलका तुलाही ऐकू येत असेल, दहा जणांत उभा राहून माणूस काय बोलणार. तू कागदावर लिही, व्हॉट्सअॅप नको. ५६ एपीओचा, म्हणजे लष्करी टपालाचा पत्ता तुझ्याकडे आहेच. तुझी आई डिंकाचे लाडू करतेय, रविवारी तुझ्याकडे आणून देतो, पार्सलमध्ये पत्र टाक. म्हशीचं काय झालं तेही लिही, ते वाट बघत असतील.

तुझा,
पप्पा