मुंग्या आल्याच नाहीत तर?

महोदय,

मधुमेह आणि नसांवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. मांडणी सुबक, चित्रातला पाय तर फारच देखणा. मात्र 'मुंग्या, जळजळ किंवा वेदना जाणवू लागताच डॉक्टरांना भेटा' या वाक्याशी मी अडखळले. आणि काही जाणवलेच नाही तर?

माझ्या यजमानांना ना मुंग्या आल्या, ना जळजळ झाली. नातवाच्या खेळण्यातला एक स्क्रू त्यांच्या बुटात पडला होता. तो पायाखाली घेऊन ते दिवसभर वावरले. संध्याकाळी मोजा काढला तर टाचेपाशी ओला. "हे रक्त कुणाचं?" असे त्यांनी मलाच विचारले. जखम भरायला अकरा आठवडे गेले.

त्याआधी नऊ वर्षे आम्ही न चुकता तपासणीला जात होतो. दर वेळी साखरेचा रिपोर्ट पाहिला जाई, गोळी कमी-जास्त होई. मोजे काढा, असे एकदाही कोणी म्हणाले नाही. टाइप २ मधुमेहात निदान झाल्याबरोबर आणि पुढे दरवर्षी पायांची संवेदना तपासायची असते, हे आम्हाला जखमेनंतर कळले. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवायचा आणि डोळे मिटलेल्या माणसाला 'कळतंय का?' विचारायचे, एवढेच काम. दोरा चार ठिकाणी टेकवून झाला, तेव्हा यजमान डोळे मिटूनच शांतपणे म्हणाले, "करा ना सुरू."

सर्वांत लांब नसा आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पावलांपासून होते, हे लेखात आहे. मान्य. पण मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊनही अशीच लक्षणे दिसू शकतात, याला एक ओळ मिळाली नाही. नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी दुखणे कमी होते, गेलेली संवेदना परत येत नाही, हेही नाही.

जागा नव्हती म्हणावे, तर लेखाखालीच पाव पान जाहिरात: गरम पाण्यात पाय शेकायचे यंत्र, म्हणे बधिर पायांना आराम! ज्याला स्क्रू कळला नाही, त्याला पाणी किती तापले ते कळणार? तुमचे जाहिरातवाले आणि आरोग्यवाले एकमेकांची पाने वाचत नसावेत. आमच्या घरी पाण्यात आधी माझे कोपर जाते, मग यजमानांचा पाय.

– एक वाचक