टर्फ घाला, पण खाली काँक्रीट ओतू नका

मा. संपादक,
स.न.

बंगल्याच्या मागं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत टाकून घरच्या घरी कोर्ट कसं करायचं यावर आपल्या पुरवणीत लेख आला होता. फोटो झकास होते, वाचून ओळखीतल्या दोघातिघांनी लगेच मला फोन केला. मी कोल्हापुरात बांधकामाची कामं घेतो आणि हल्ली अशी कामं बरीच बघतोय म्हणून लिहितोय. लेखात गवताचा रंग, नेट, एलईडी, बसायला बाक सगळं होतं, पण गवताच्या खाली काय घालायचं त्यावर एक ओळ नाही, आणि निम्मा खर्च आणि सगळा घोळ तिथंच असतो.

होतं काय, टर्फवाला येतो, मापं घेतो आणि म्हणतो, साहेब अख्ख्या परसात चार इंच पीसीसी (साधं काँक्रीट) मारून घेऊ, त्यावर गवत चिकटवलं की आठवड्यात पोरं खेळायला मोकळी. त्याला ते सोयीचं आहे, लेव्हल पटकन मिळते आणि रोलर आणायला लागत नाही (बंगल्याच्या बाजूच्या बोळातून रोलर जातही नाही म्हणा). पण जमीन एकदा अशी बंद केली की जून ते सप्टेंबर आमच्याकडचा पाऊस जाणार कुठं? दीड हजार स्क्वेअर फुटावर नुसता एक इंच पाऊस पडला तरी साडेतीन हजार लिटर पाणी होतं, हिशोब करून बघा. ते एकतर कंपाउंडखालून शेजाऱ्याच्या दारात जातं आणि भांडण लागतं, नाहीतर गवताखाली तुंबून शेवाळ धरतं, वास मारतं, जॉइंटचा गम सुटतो आणि कडा वर येतात, मग त्यात पाय अडकून कोण तरी पडतं.

खरं तर टर्फच्या बॅकिंगला, म्हणजे गवताच्या खालच्या पाठीला, पाणी खाली जायला भोकं दिलेली असतात, खाली काँक्रीट ओतलं तर ती भोकं काय शोभेची? माझ्या मते सरळ पद्धत अशी की काळी माती असेल तर फूटभर तरी काढून टाकायची, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर काहीच सपाट राहत नाही. मग मुरूम टाकून पाणी मारून ठोकायचा, प्लेट कॉम्पॅक्टर भाड्यानं मिळतो आणि तो बोळातून आरामात जातो, वर खडी, सगळ्यात वर बारीक ग्रिट, शंभर फुटाला एक फूट एवढा हलका उतार आणि उताराच्या टोकाला खडी भरलेला शोषखड्डा. चार दिवस जास्त लागतात, लागू देत. आणि ५०० चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटवर नवीन बांधकाम करताना रेनवॉटर हार्वेस्टिंग सक्तीचं आहे, म्हणजे पुढं पाणी जिरवायचा खड्डा दाखवून परवानगी घ्यायची आणि मागं तीच जमीन काँक्रीटनं बंद करायची असला प्रकार चाललाय.

दुसरं म्हणजे कुठला खेळ खेळायचा ते ठरवल्याशिवाय गवत घेऊ नका. बॅडमिंटनचं डबल्स कोर्ट ४४ बाय २० फूट, ते बऱ्याच परसात बसतं. पिकलबॉलचं मापही तेच आहे, म्हणून लोक एकात दोन करायला जातात, पण टर्फवर तो बॉल धड उसळतच नाही, त्याला कडक ॲक्रिलिक कोर्टच लागतं. क्रिकेटची नुसती विकेट ६६ फूट, वर बॉलरचा रनअप, एवढी लांबी किती जणांकडे असते? पोरांना ड्रायव्ह मारायची प्रॅक्टिस हवी असेल तर आखूड दाट गवताची दहा फुटी पट्टी आणि नेट पुरतं, बाकीची जागा माती राहू दे, पेरू-शेवगा राहू दे. फुटबॉलला मात्र साधारण ५० मिमी लांब पातं आणि त्यात वाळू-रबर भरावं लागतं. शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस बघून वाढलेल्या आमच्या गावात त्याचीच मागणी जास्त आहे.

आणि त्या रबराबद्दल मला जास्त काळजी वाटते. तो जुन्या टायरांचा चुरा असतो, पोरांच्या बुटातून, मोज्यातून घरभर होतो ते एक वेळ सोडा, पण २०१९ आणि २०२१ ला नागाळा पार्क, शाहूपुरीत पुराचं पाणी कुठंवर आलं होतं ते सगळ्यांनी बघितलंय. अशा भागात हा चुरा टाकला तर पुढच्या पुरात तो थेट पंचगंगेत जाणार आणि त्या जागी गाळ बसून टर्फची भोकं बुजणार. युरोपियन युनियननं २०२३ मध्येच मैदानात भरायच्या असल्या प्लास्टिक-रबराच्या चुऱ्याच्या विक्रीवर बंदीचा नियम केलाय, ८ वर्षांची मुदत देऊन. आपण आत्ता नव्यानं सुरू करतोय. नुसती वाळू, नाहीतर कॉर्क किंवा नारळाचा काथ्या भरूनही चालतं, पण तसं मागितल्याशिवाय कोण सांगत नाही.

उन्हाचं पण बघा, एप्रिल-मे मध्ये दुपारी हे गवत साठ डिग्रीच्या वर तापतं, अनवाणी पोराला सोडू नका, पाणी मारलं तर थोडा वेळ गार आणि परत तेच. म्हणजे खेळणं संध्याकाळनंतरच, म्हणजे लाइट आणि आरडाओरडा शेजाऱ्याच्या बेडरूमशेजारी. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे, दहाला लाइट बंद करा म्हणजे विषय मिटला. घरची पोरं खेळतात तोवर कोण काही बोलत नाही, पण तासावर भाड्यानं द्यायला सुरू केलं की तो धंदा झाला, मग तक्रार झाली तर रडू नका.

महापालिकेला एकच विनंती, बंगल्याच्या साइड आणि मागच्या मार्जिनमध्ये (नियमानं मोकळ्या सोडायच्या जागेत) टर्फच्या नावाखाली सलग काँक्रीट ओतायला बंदी करा, टर्फला नको. आणि ज्यांनी मला फोन केले त्यांना इथंच सांगतो, कोटेशनमध्ये खडीचा थर किती इंच, शोषखड्डा केवढा, भरणा कशाचा आणि आठ-दहा वर्षांनी खराब झालेलं गवत उचलून न्यायची जबाबदारी कोणाची, हे लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. घंटागाडीवाला ते नेत नाही.

आपला,
एक बांधकाम कंत्राटदार, कोल्हापूर